सांडलं किती?

आमच्याकडे पावसाळ्यात समुद्रावरून घरी आलं की आई पाय धुवायला पाणी देण्याआधी रॉकेलची चिंधी हातात द्यायची. तळव्याला चिकटलेलं डांबर साबणाने निघत नाही. रॉकेलने निघतं, नाहीतर खोबरेल चोळत बसावं लागतं, आणि तरी टाचेच्या भेगांत एक काळी रेघ आठवडाभर राहतेच. हे डांबर येतं कुठून, असं लहानपणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. वारा फिरला की किनाऱ्याला झावळ्या लागतात, तुटक्या चपला लागतात, तसे डांबराचे गोळे लागतात. समुद्र आणतो, एवढंच.

पुढे कळलं की ते खनिज तेल असतं. जहाजांनी टाक्या धुऊन समुद्रात सोडलेलं, कुठल्या नळातून किंवा विहिरीतून निसटलेलं, लाटांत घुसळून घट्ट झालेलं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अशा गोळ्यांचे रासायनिक ठसे तपासून त्यांचं मूळ शोधायचा प्रयत्न केला आहे. म्हणजे या गोळ्यांना बाप असतो, आणि तो शोधताही येतो. पण आमच्या तोंडी वाक्य एकच: ‘तेल आलंय.’ पाऊस आला, भरती आली, तसं तेल आलं.

गंमत म्हणजे याच आईच्या घरात दूध सांडलं की आम्ही पोरं म्हणायचो, ‘दूध सांडलं.’ ती लगेच विचारायची, ‘सांडलं की सांडवलंस?’ उत्तराची वाट न पाहता दुसरा प्रश्न यायचा, ‘सांडलं किती?’ पहिल्या प्रश्नाने कान कुणाचा पिळायचा ते ठरायचं. संध्याकाळी चहा होणार की नाही, रतीबवाल्याकडून आणखी अर्धा शेर घ्यायचा की नाही, हे दुसऱ्या प्रश्नाने ठरायचं. पहिला प्रश्न रागाचा होता, दुसरा हिशोबाचा, आणि घर दुसऱ्या प्रश्नावर चालायचं.

किनाऱ्यावर तेल आल्यावर तेल कंपनीवर लोक संतापतात तेव्हा मला हे दोन प्रश्न आठवतात. तो संताप योग्य नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझी तक्रार एवढीच की तो बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नावर खर्च होऊन जातो, आणि कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

२०१० सालचं उदाहरण घ्या. २० एप्रिलच्या रात्री मेक्सिकोच्या आखातात, लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, ‘डीपवॉटर होरायझन’ नावाच्या, तेलविहीर खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट झाला. अकरा कामगार गेले. दोन दिवसांनी तराफा बुडाला आणि दीड किलोमीटर खोल पाण्याखाली तेलविहीर उघडी पडली. ती १५ जुलैला बंद झाली, स्फोटापासून सत्त्याऐंशीव्या दिवशी. विहीर बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची, तराफा ट्रान्सओशनचा, विहिरीतलं सिमेंटचं काम हॅलिबर्टनचं. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं एकच, बीपी. ते काही अन्यायाचं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी याच कंपनीच्या टेक्सास सिटीतल्या रिफायनरीत स्फोट होऊन पंधरा जण मेले होते, आणि ही कंपनी त्या काळात स्वतःची जाहिरात ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ अशी करत होती, हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलाचं बोधचिन्ह लावून.

मग त्या रागाला एक चेहराही मिळाला, टोनी हेवर्ड. कंपनीचा मुख्याधिकारी. मे महिन्याच्या शेवटी हा गृहस्थ कॅमेऱ्यासमोर म्हणाला की हे सगळं संपावं असं माझ्याइतकं कुणालाच वाटत नाही, मला माझं आयुष्य परत हवंय. अकरा घरांतली माणसं परत येणार नव्हती, आणि याला आयुष्य परत हवं होतं. तीन आठवड्यांनी तो इंग्लंडमध्ये शिडाच्या बोटींची शर्यत बघताना दिसला. तिकडे कंपनीचे अध्यक्ष स्वानबर्ग व्हाइट हाउसबाहेर उभे राहून म्हणाले की आम्हाला ‘छोट्या माणसांची’ काळजी आहे. ते स्वीडिश, त्यामुळे इंग्रजीत घसरले असं मानायला जागा आहे, पण ऐन शिमग्यात असली सवलत कोण देतो? हेवर्ड वर्षातला सर्वांत तिरस्कृत माणूस झाला, आणि ऑक्टोबरात खुर्चीवरून उतरला. त्याच्या जागी मिसिसिपीत वाढलेला, त्याच किनाऱ्याच्या बोलीत बोलू शकणारा बॉब डडली आला.

आता यात कंपनीचं काय गेलं? एक माणूस गेला. माणूस बदलता येतो, म्हणून तर तो समोर उभा केलेला असतो.

हेवर्डचं ज्यावर खरं तर भडकायला हवं होतं ते वाक्य दुसरंच होतं, आणि त्यावर तुलनेने कमी आरडाओरड झाली. मे महिन्यातच त्याने एका ब्रिटिश वृत्तपत्राला सांगितलं होतं की मेक्सिकोचं आखात फार मोठं आहे, त्यातल्या पाण्याच्या मानाने सांडलेलं तेल अगदीच थोडं आहे. ‘आयुष्य परत हवंय’ हा निव्वळ उर्मटपणा होता. हे वाक्य मात्र धोरण होतं, कारण त्या उन्हाळ्यातली खरी लढाई ‘किती’ या एका शब्दावर चालली होती.

पहिल्या आठवड्यात सांगितलं गेलं, दिवसाला १ हजार पिंपं, म्हणजे बॅरल. मग सरकारी शास्त्रज्ञांकडून आकडा आला ५ हजार. कंपनीचं म्हणणं असं की नेमकं मोजता येणार नाही, आणि मोजून विहीर बुजवायच्या कामात काही फरकही पडणार नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. घर जळत असताना कोण मोजमाप करत बसतो? पण दीड किलोमीटर खाली यंत्रांचे कॅमेरे तुटलेल्या पाइपासमोर अहोरात्र चालू होते, आणि ते चित्रण कंपनीकडे होतं. मे महिन्याच्या मध्याला त्यातला एक तुकडा बाहेर आला. पर्ड्यू विद्यापीठातल्या स्टीव्ह वेरली या प्राध्यापकाने त्या तुकड्यावरून प्रवाहाचा वेग काढला आणि सांगितलं, दिवसाला ७० हजार पिंपांच्या घरात. मॅसॅच्युसेट्सचे खासदार एड मार्की थेट चित्रणासाठी हटून बसले, आणि काही दिवसांत ते तुटकं नळकांडं घरोघरच्या पडद्यावर आलं. तपकिरी धूर ओकणाऱ्या भोंग्यासारखं. शेवटी शास्त्रज्ञांच्या सरकारी गटाने जो आकडा दिला तो होता सुरुवातीला दिवसाला ६२ हजार पिंपं, शेवटी ५३ हजार. पहिल्या ‘एक हजारा’च्या पन्नास-साठ पट.

आकडा कमी सांगण्यात एवढा रस का, याचं उत्तर अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यात आहे. तिथे दंड पिंपावर लागतो. साधी चूक असेल तर पिंपामागे ११०० डॉलरपर्यंत, घोर निष्काळजीपणा ठरला तर ४३०० डॉलरपर्यंत. पुढे न्यायालयात सरकार म्हणालं, समुद्रात ४१.९ लाख पिंपं गेली. बीपी म्हणाली, २४.५ लाख. दोन आकड्यांतलं अंतर १७.४ लाख पिंपांचं, म्हणजे वरच्या दराने जवळजवळ साडेसात अब्ज डॉलरचं. न्यायाधीश कार्ल बार्बिये यांनी २०१४ मध्ये घोर निष्काळजीपणा मान्य केला, ६७ टक्के दोष बीपीवर टाकला, आणि २०१५ च्या जानेवारीत आकडा ठरवला ३१.९ लाख पिंपं. त्यानंतरच त्या वर्षी २०.८ अब्ज डॉलरची तडजोड झाली. त्यात नुसता पाणी कायद्याखालचा दंड साडेपाच अब्जांचा. आणि या दंडातला ८० टक्के पैसा वॉशिंग्टनच्या तिजोरीत न जाता आखाताच्या किनाऱ्यासाठीच राहील, असा कायदा अमेरिकेच्या संसदेने २०१२ मध्येच करून ठेवला होता.

दंड पिंपावर लावायचा हे कुणीतरी अपघाताच्या कितीतरी आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, हा भाग मला सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यामुळे ‘किती’ या प्रश्नाला दात आले. एवढंच नाही, प्रवाहाचा आकडा दडवल्याबद्दल वेगळी किंमत मोजावी लागली. २०१२ मध्ये कंपनीने अकरा मृत्यूंबद्दलच्या गुन्ह्यांसोबत संसदेच्या कामात अडथळा आणल्याचा गुन्हाही कबूल केला, तो याच आकड्यांबाबत होता. शिवाय गुंतवणूकदारांना चुकीचा आकडा दिला म्हणून तिथल्या रोखे आयोगाला साडेबावन्न कोटी डॉलर द्यावे लागले. आणि पाण्याखाली, विहिरीच्या तोंडाशीच, तेलाचं विघटन करणारं रसायन ओतलं गेलं. वरचं-खालचं मिळून सुमारे ७० लाख लिटर. त्याचे समुद्री जीवांवर काय परिणाम झाले हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण साध्या डोळ्यांना एवढं कळतं की जे तेल थेंबाथेंबांनी पाण्यात विरघळवलं ते किनाऱ्याला लागत नाही, त्याचा फोटो निघत नाही.

याच्या शेजारी बहिष्कार ठेवून पाहा. त्या उन्हाळ्यात बीपीच्या पेट्रोल पंपांसमोर निदर्शनं झाली, पाट्यांवर तपकिरी रंग फासला गेला, ‘इथे गाडी भरू नका’ असं लाखोंनी एकमेकांना कळवलं. पण त्या पाटीखालचे बहुतेक पंप कंपनीचे नव्हतेच. ते स्थानिक मालकांचे होते. नाव आणि पेट्रोल कंपनीचं, कर्ज आणि नोकर मालकाचे. अमेरिकेत या धंद्यात आपल्याकडून गेलेली माणसं किती आहेत हे तिकडे राहिलेल्या कुणालाही विचारा. विहिरीवर सिमेंट कुणी कच्चं भरलं याच्याशी कुणा पटेल काकांचा काय संबंध? शिवाय एका पाटीखालचं पेट्रोल टाळून शेजारच्या पाटीखाली भरलं तर ते मागे त्याच नळातून आलेलं असू शकतं.

आणि शेजारच्या पाटीवाल्याची तरी काय लायकी होती? बीपीने मेक्सिकोच्या आखातासाठी जो आपत्ती आराखडा सरकारला सादर केला होता, त्यात वाचवायच्या प्राण्यांमध्ये वॉलरस होते. वॉलरस बर्फाळ उत्तर समुद्रात राहतो. आखातात त्याला बर्फाच्या गोळ्यात बसवून आणावं लागेल. संकटकाळी ज्यांना फोन करायचा त्या तज्ज्ञांच्या यादीत २००५ मध्येच वारलेल्या एका शास्त्रज्ञाचं नाव होतं. यावर लोक हसले, संतापले. पण जूनमध्ये संसदीय समितीपुढे एक्सॉनमोबिल, शेव्हरॉन, कोनोकोफिलिप्स आणि शेल यांचे प्रमुख बसले, तेव्हा उघड झालं की त्यांच्यापैकी तिघांच्या आराखड्यांतही वॉलरस आहेत. सगळ्यांनी एकच गाइड घोकून पेपर लिहिला होता, आणि तपासणाऱ्याने न वाचता सगळ्यांना पास केलं होतं. बीपीवरचा राग त्या दिवशी या चौघांच्या फार सोयीचा ठरला असणार.

इथे एक युक्तिवाद हटकून येतो आणि त्याचा मला कंटाळा आला आहे. ‘तुम्ही गाडी चालवता ना? मग तेल कंपनीला शिव्या कशाला?’ दूध पिणाऱ्याने भेसळीबद्दल बोलू नये, असं कुणी म्हणतं का? मी पेट्रोलचे पैसे देतो, त्यात विहीर नीट बुजवण्याचे पैसे धरलेले असतात. ते वाचवून कुणी नफ्यात टाकले असतील, तर प्रश्न विचारायचा पहिला हक्क गिऱ्हाइकाचाच आहे. तेलाशिवाय जगायची सवय लावावी हे खरं, पण तो वेगळा विषय आहे आणि तो पुढे करून या विषयातून सुटका करून घेऊ नये.

यापेक्षा अवघड गुंता लुइझियानातल्या लोकांचा होता, आणि तो आपल्या ओळखीचा आहे. तिथे मॉर्गन सिटी नावाच्या गावात दरवर्षी उत्सव भरतो, त्याचं नावच ‘कोळंबी आणि पेट्रोलियम उत्सव’. ही थट्टा नाही. एका घरात एक भाऊ कोळंबीच्या बोटीवर, दुसरा तेलाच्या तराफ्यावर. ओबामा सरकारने खोल समुद्रातल्या खोदकामाला सहा महिन्यांची स्थगिती दिली तेव्हा जुलैत लाफायेत शहरात हजारो लोक जमले, आणि ते स्थगिती उठवा म्हणायला जमले होते. दूरवर न्यूयॉर्कमध्ये बसून कंपनीवर बहिष्कार टाकणाऱ्याला हे कळायला जड गेलं. उरणच्या माणसाला जड जाणार नाही. खाडीत तेलाचा तवंग दिसला की मोर्चा नेणारं घर आणि प्रकल्पात मुलाला चिकटवावं म्हणून खेटे घालणारं घर तिथे एकच असू शकतं, आणि त्यात ढोंग नाही. ज्याचं पोट दोन्हीकडे आहे त्याला कंपनी बुडवायची नसते. त्याला भरपाई हवी असते, आणि पुन्हा असं होऊ नये असं वाटत असतं. ‘कंपनी हटाव’ ही घोषणा त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. ‘किती’ ही त्याच्या कामाची आहे.

तसं अमेरिकेतही सगळं आलबेल झालं असं नाही. अकरा मृत्यूंबद्दल तुरुंगात कुणीही गेलं नाही. विहिरीवरच्या दोन पर्यवेक्षकांवरचे मनुष्यवधाचे आरोप २०१५ मध्ये मागे घेतले गेले. तेलगळतीच्या नुकसानभरपाईवर कायद्याने घातलेली साडेसात कोटी डॉलरची मर्यादा बीपीने स्वतःहून सोडली म्हणून बाकीचं शक्य झालं. लोकांचा संताप शिगेला असताना ती मर्यादा उठवायचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं आणि अडकूनच राहिलं. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ खडकावर चढली, तेव्हाची गोष्ट तर याहून लांबली. ज्यूरीने कंपनीला दंडात्मक भरपाई ठोठावली पाच अब्ज डॉलर. कंपनी लढत राहिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जवळजवळ दहा पटींनी कमी करून पन्नास कोटींच्या आसपास आणली. एकोणीस वर्षांत दावा लावणारे कितीतरी मच्छीमार मरून गेले. ते जहाज मात्र नावं बदलत जगत राहिलं आणि २०१२ मध्ये ‘ओरिएंटल नायसिटी’ या नावाने मोडीत निघायला आपल्या शेजारी, गुजरातेत अलंगला आलं. अलास्काच्या लोकांनी ज्या जहाजाला शिव्यांची लाखोली वाहिली त्याचा पत्रा आपल्याकडच्या कुठल्या इमारतीच्या सळ्यांत गेला असेल, सांगता येत नाही.

२०१० च्या त्या जूनमध्ये आपल्याकडेही अमेरिकेकडे बघून दात-ओठ खाल्ले गेले होते. ७ जूनला भोपाळच्या न्यायालयाचा निकाल लागला, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीतल्या सात जणांना दोन-दोन वर्षांची शिक्षा. नऊ दिवसांनी बीपीने वीस अब्ज डॉलरचा निधी बाजूला ठेवायचं कबूल केलं. भोपाळची तडजोड १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरला झाली होती. अमेरिकेतला बगळा भोपाळच्या माणसापेक्षा महाग, अशा चालीचं तेव्हा बरंच बोललं गेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण ४७ कोटी हा आकडा आला कशातून, हे त्या रागात फारसं कुणी विचारलं नाही. तो आला मोजणीतून. तडजोड करताना मृतांची संख्या सुमारे ३ हजार धरली होती. २०१० च्या डिसेंबरात खुद्द केंद्र सरकार क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अंतिम निकालही सुधारून मागायची शेवटची याचिका, घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि म्हणालं, मृत ५,२९५ आहेत, तडजोड वाढवून द्या. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. ज्या दिवशी कच्चा आकडा पक्क्या कागदावर गेला त्याच दिवशी ही लढाई हरली गेली होती. नंतरची चौतीस वर्षं आपण त्या दिवसावर रागावत होतो.

मग २०१० चाच ऑगस्ट आला. ७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ एकमेकांवर आदळली. एकावर पनामाचा झेंडा, दुसऱ्यावर सेंट किट्सचा. चित्रा कलंडली, कंटेनर पाण्यात तरंगू लागले आणि तेल उरण-अलिबागच्या तिवरांपर्यंत गेलं. किती? सुमारे ८०० टन. हा ‘सुमारे’ तेव्हापासून आजपर्यंत तसाच आहे. मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन्ही बंदरं काही दिवस बंद राहिली. बंदर एक दिवस बंद राहिलं की किती कोटी जातात हे सांगायला माणसं होती, आणि रोज सांगत होती. तेव्हा नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. मुंबईने मासळीकडे पाठ फिरवली होती, त्यात कोळीवाड्यांचं काय गेलं हे मात्र ‘मोठं नुकसान’ या दोन शब्दांत आटपलं.

पुढल्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, ‘रॅक कॅरिअर’ हे कोळशाचं जहाज मुंबईसमोर बुडालं. कोळसा ६० हजार टन, सोबत इंजिनाचं तेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, जहाजमालकांना १०० कोटी रुपये भरायचा आदेश दिला. हा आदेश महत्त्वाचा आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण १०० हा आकडा फार गोल आहे. ३१.९ लाख पिंपं या आकड्यामागे खटला असतो, साक्षी असतात, उलटतपासणी असते. गोल आकड्यामागे सद्भावना असते, आणि सद्भावनेवर अपील करणं सोपं असतं.

चेन्नईजवळच्या एन्नोरला तर हे दोनदा झालं. २०१७ च्या जानेवारीत बंदराबाहेर दोन जहाजं धडकली आणि माणसांनी बादल्यांनी, हातांनी चिखलासारखं तेल उपसलं. २०२३ च्या डिसेंबरात चक्रीवादळाच्या पुरात रिफायनरीतलं तेल खाडीत आलं, तेव्हाही मच्छीमारच हातात मग घेऊन होड्यांतून तेल काढत होते. या वेळी परदेशी झेंडा नव्हता, कंपनी सरकारी, आपलीच. म्हणून मोजणी सोपी झाली असती असं कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे. परदेशी कंपनीवर निदान मंत्री ओरडतात.

मला जो राग पाहायचा आहे तो मोजायला सांगणारा आहे. समुद्रात सांडलेल्या टनामागे दंड किती, हे आपल्या कायद्यात अपघाताआधी ठरलेलं असावं, न्यायाधिकरणाच्या त्या दिवशीच्या अंदाजावर नको. तेलवाहू जहाजांच्या भरपाईचे आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि त्यांत जहाजमालकाच्या जबाबदारीची मर्यादा जहाजाच्या आकारावर ठरते. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी तर जगभर लागू होईल असा भरपाईचा करारच नाही, आणि मुंबई हाय आपल्या दारात आहे. किनाऱ्याला लागलेल्या गोळ्यांचे ठसे घेण्याचं काम संशोधनापुरतं न राहता बोटांच्या ठशांसारखं नेमाने व्हावं, म्हणजे निदान बाप कोण ते कळेल.

पण सर्वांत आधी मोजायला हवं ते किनाऱ्याच्या बाजूचं, तेल यायच्या आधीचं. लुइझियानात मच्छीमार माल विकतो तेव्हा व्यापाऱ्याकडून फेरीची पावती होते आणि ती राज्य सरकारकडे जाते. भरपाई मागताना ती पावती आणि कराचे कागद पुढे ठेवावे लागले. ज्यांचा व्यवहार रोखीचा त्यांना तिथेही फार जड गेलं. तरी पुढच्या तडजोडीत एक सदर असंही होतं की घरी खायला नेत असलेली मासळी गेली, त्याचीही भरपाई. आपल्याकडे मोठ्या बोटींचा काही ना काही कागद आहे. डिझेलचा परतावा मिळवायला सोसायटीत नोंद होते; कोणती बोट कधी किती डिझेल घेऊन गेली, हे त्यावरून निघू शकतं. भरपाईसाठी ही नोंद वापरावी हे आपल्या मच्छीमार संस्थांनी आजच मागायला हवं. मात्र ओहोटीला खाडीत उतरून कालवं फोडणाऱ्या, शिंपल्या वेचणाऱ्या, चिंबोऱ्या धरणाऱ्या बायांना डिझेल लागत नाही. आणि तेल पहिल्यांदा येतं ते त्यांच्याच चिखलात.

एका पावसाळ्यात आमच्या खाडीत तेल आलं होतं तेव्हा पंचनाम्याला एक कर्मचारी आले. भला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून फिरत होता. आमच्या ओळखीच्या एक मावशी बांधावर बसल्या होत्या, कालवं फोडायचा कोयता मांडीवर, पायांना घोट्यापर्यंत काळं. फॉर्मवर रकाने होते: बोटीचा क्रमांक, जाळ्यांची संख्या, रोजची सरासरी मासळी किलोमध्ये.

‘मावशी, रोजचे किलो किती धरू?’

‘किलो मला ठाव नाय. मी वाटं लावते.’

‘बरं, वाटे किती?’

‘मिळाली तर धा, नाय तर चार. उरलं ते घरात.’

त्यांनी विचारलं, वाटा किती वजनाचा. मावशींनी ओंजळ करून दाखवली. त्या ओंजळीकडे त्यांनी क्षणभर पाहिलं, पेन झटकलं, आणि बोटीच्या, जाळ्याच्या, किलोच्या तिन्ही रकान्यांत ओळीने लिहिलं: निरंक.